जळणे आणि जाळणे : क्लचच्या निमित्ताने

मराठीत क्रियापदांच्या काही जोड्या अशा आहेत की एक-दोन ध्वनींच्या फरकाने वाक्यात माणूस येतो किंवा वाक्यातून निघून जातो. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, जळणे-जाळणे. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून (१९११) या प्रकारच्या क्रियापदांची चर्चा आपल्याकडे होत आली आहे. वर्गात आम्ही ती दरवर्षी शिकवतो आणि विद्यार्थी ती दरवर्षी परीक्षेपुरती लक्षात ठेवतात. 'काच फुटली' आणि 'काच फोडली' यांत काचेची अवस्था एकच असते. बदलते ती जबाबदारी. हे प्रकरण केवळ व्याकरणाचे नाही आणि त्यावर एखाद्या माणसाच्या महिन्याच्या पगाराचा निवाडाही होऊ शकतो, हे ध्यानात येण्यासाठी वर्गाबाहेर पडावे लागते. आमच्या भागात त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. ढोकीच्या रस्त्याकडेच्या कोणत्याही गॅरेजसमोर हंगामात अर्धा तास उभे राहिले तरी पुरते.

तेथे एकच घटना तीन प्रकारे सांगितली जाते. चालक म्हणतो, "क्लचप्लेट जळाली." मालक म्हणतो, "ह्याने प्लेट जाळली." मिस्त्री म्हणतो, "प्लेट गेली." मिस्त्रीचे क्रियापद सर्वांत सावध आहे, कारण त्याला दोघांशीही संबंध राखायचे असतात. या तीन वाक्यांपैकी कोणते खरे, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात मिळत नाही आणि केवळ यंत्रशास्त्राच्या पुस्तकातही मिळत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचावी लागतात. प्रस्तुत लेख हा तसे वाचण्याचा एक प्रयत्न आहे.

साहित्याच्या वाचकांसाठी आधी थोडे यंत्राविषयी. इंजिन सुरू असताना सतत फिरत असते. चाके मात्र कधी फिरतात, कधी थांबतात. फिरणारी वस्तू आणि थांबलेली वस्तू एकदम जोडली तर एकतर इंजिन बंद पडेल किंवा काहीतरी मोडेल. म्हणून दोघांच्या मध्ये एक मध्यस्थ ठेवलेला असतो, तो क्लच. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड तबकडी, तिच्यासमोर प्रेशर प्लेट आणि या दोहोंच्या मध्ये दोन्ही बाजूंना अस्तर लावलेली क्लचप्लेट. स्प्रिंगच्या दाबाने ही प्लेट चिमटीत धरली जाते आणि केवळ घर्षणाच्या जोरावर इंजिनाचे बळ गिअरपेटीकडे जाते. येथे दाते नाहीत, खिळा नाही, साखळी नाही. दोन पृष्ठभागांची एकमेकांवरची पकड, एवढेच. आरंभीच्या मोटारींत या कामासाठी शंकूच्या आकाराच्या क्लचवर चामड्याचे अस्तर लावत. पुढे ॲस्बेस्टॉसची अस्तरे आली, त्यांची धूळ फुप्फुसांना घातक ठरली आणि मग इतर तंतू व राळ यांच्या मिश्रणाची अस्तरे आली. पदार्थ बदलले, तत्त्व तेच राहिले.

यातली एक गोष्ट मराठीच्या माणसाला गमतीची वाटावी. पायाने पेडल दाबले की इंजिन आणि चाके यांची ताटातूट होते. पाय उचलला की त्यांची गाठ पडते. आपण 'क्लच सोडला' म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात जोडण्याची क्रिया घडत असते. आणि या 'सोडण्या'च्या क्षणी, पूर्ण ताटातूट आणि पूर्ण गाठ यांच्या दरम्यान, प्लेट निसटत निसटत पकड घेते. त्या निसटण्यातून उष्णता निर्माण होते. क्लचचे सारे आयुष्य या निसटण्याच्या क्षणांनी मोजले जाते. पूर्ण जुळलेला क्लच झिजत नाही, पूर्ण सुटलेलाही झिजत नाही. झिजतो तो मधल्या अवस्थेत.

पकडीची मर्यादा तीन-चार गोष्टींवर ठरते : स्प्रिंगचा दाब, अस्तराचा घर्षणगुणांक, प्लेटची त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. यांचा गुणाकार म्हणजे त्या क्लचचे सामर्थ्य. गाडी तयार करणारे हे सामर्थ्य इंजिनाच्या कमाल बलाघूर्णापेक्षा, म्हणजे पिळाच्या जोरापेक्षा, थोडे जास्त ठेवतात. साधारण सव्वापट ते दीडपट. ही जी वरची पाव-अर्धी पट असते ती झिजेसाठी, उष्णतेसाठी आणि माणसाच्या चुकांसाठी राखून ठेवलेली असते. आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म या राखीव जागेत आहे. तिच्यावर कोण हक्क सांगतो, यावर क्लचचे मरण ठरते.

पुण्यामुंबईत आणि कोल्हापुरात गाड्यांचे इंजिन 'वाढवण्या'ची हौस गेल्या काही वर्षांत बरीच रुजली आहे. टर्बो असलेल्या इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलली की पिळाचा जोर वीस-तीस टक्क्यांनी सहज वाढतो. लोखंडाला हात लावावा लागत नाही. समजा, मूळ इंजिनाचा जोर २५० न्यूटन-मीटर आहे आणि क्लचचे सामर्थ्य त्याच्या १.३ पट, म्हणजे ३२५. आज्ञावली बदलून जोर ३३० झाला तर राखीव जागा एका दुपारी संपली. नवी प्लेट काही दिवस कसाबसा टिकाव धरील. थोडी झिजलेली असेल तर पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, पूर्ण दाबल्याबरोबर ती निसटू लागेल. फेऱ्यांचा काटा वर चढतो आणि वेग तेथेच राहतो. मग जळक्या राळेचा तो ओळखीचा वास. अस्तर अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास तापले की पकड सैल होते, पकड सैल झाली की निसटणे वाढते, निसटणे वाढले की ताप आणखी वाढतो. हे चक्र एकदा सुरू झाले की आपणहून थांबत नाही.

या बाबतीत एक उदाहरण बोलके आहे. फोक्सवॅगन गटाच्या सात गिअरच्या, कोरड्या दुहेरी क्लचच्या स्वयंचलित पेटीची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. भारतात विकल्या गेलेल्या १.८ लिटर टर्बो पेट्रोल ऑक्टेव्हियाला ही पेटी होती आणि तिच्या इंजिनाचा जोरही नेमका २५० वर बांधलेला होता. तेच इंजिन परदेशात हाताने बदलायच्या गिअरपेटीसह ३२० न्यूटन-मीटर देत असे. म्हणजे इंजिनाला मर्यादा नव्हती, ती क्लचला होती आणि कारखान्याने इंजिनाला क्लचच्या मापाने आवरून धरले होते. हौशी मालक हा आवर काढून टाकतो आणि 'माझ्या गाडीत दडवून ठेवलेले बळ मी मोकळे केले' असे म्हणतो. दडवून ठेवलेले आणि राखून ठेवलेले यांतला फरक त्याला कळत नाही. कळतो तेव्हा त्याच्या तोंडी मराठीतले पहिले क्रियापद असते : "क्लच जळाला."

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. तथापि, संगणकातली आज्ञावली नोंदणीपुस्तकात दिसत नाही आणि रस्त्यावर हात करून थांबवलेल्या गाडीतही दिसत नाही. असो. हौशी मालकाच्या बाबतीत निदान एवढे बरे आहे की जाळणारा तोच, भोगणारा तोच आणि पैसे भरणाराही तोच. त्याच्या वाक्यातला कर्ता लपला तरी त्याचे बिल योग्य पत्त्यावर जाते.

ढोकीत तसे होत नाही.

ढोकी हे लातूर-बार्शी रस्त्यावरचे, धाराशिव जिल्ह्यातले गाव. तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे ते उसाच्या नकाशावर आले. मध्यंतरी अनेक हंगाम या कारखान्याची चिमणी थंड होती, तरी परिसरातला ऊस या ना त्या कारखान्याकडे जातच राहिला. तो नेतात ट्रॅक्टर. साधारण पंचेचाळीस ते साठ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे एकामागोमाग एक दोन ट्रॉल्या आणि त्यांत मिळून अनेकदा वीस टनांच्या घरात ऊस. हे चित्र आमच्या भागातल्या कोणालाही नवीन नाही. मोठ्या आवाजातली गाणी, ट्रॉलीच्या बाहेर आलेले वाढे आणि चढावर पुढची चाके जमिनीवरून उचलू पाहणारा ट्रॅक्टर. शेतीच्या कामासाठी घडवलेल्या यंत्राला आपण मालवाहतुकीला जुंपले आहे.

येथे क्लचचे मरण वेगळ्या प्रकारचे असते. हौशी गाडीत इंजिनाचा जोर क्लचच्या सामर्थ्यावर मात करतो. ट्रॅक्टरमध्ये इंजिन सहसा मूळचेच असते. काही जण डिझेल पंपाचे सील तोडून जास्त डिझेल सोडतात, पण सर्वच नव्हे. क्लच पूर्ण जुळला की तो ते बळ पेलू शकतो. अडचण जुळण्याच्या आधी असते. ओझे जितके जास्त तितकी गाडी हलायला वेळ लागतो आणि तितका वेळ प्लेट निसटत राहते. हिशेब करून पाहू. प्लेट १५० न्यूटन-मीटर जोर वाहते आहे आणि इंजिन व गिअरपेटी यांच्या वेगांत मिनिटाला १५०० फेऱ्यांचा फरक आहे असे धरले तर त्या क्षणी साडेतेवीस किलोवॅट उष्णता निर्माण होते. दोन किलोवॅटच्या जवळजवळ बारा विजेच्या शेगड्या एका ताटाएवढ्या चकतीवर एकाच वेळी पेटवल्या असे समजावे. असे पाच सेकंद घडले तर प्लेट सोसते. काळ्या रानातून, नुकत्याच पाणी दिलेल्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना ते पाच सेकंदांत आटोपत नाही. पुढे दुसरा ट्रॅक्टर साखळीने जोडावा लागतो, पुन्हा पुन्हा जोर लावावा लागतो आणि प्रत्येक जोर हा प्लेटच्या आयुष्यातला एक मोठा घास असतो.

फडातून सुटका झाली तरी पुढे कारखान्याची रांग असते. वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंत ट्रॅक्टरांची रांग हाताहाताने सरकते. चार हात पुढे, थांबा. आणखी चार हात, थांबा. रात्रभर हे चालते. प्रत्येक वेळी वीस टन जागेवरून हलवायचे आणि लगेच थांबवायचे. क्लचच्या दृष्टीने हा प्रवास सर्वांत लांबचा, जरी अंतर फर्लांगभराचे असले तरी. रांग किती लांब असावी हे चालक ठरवत नाही. ट्रॉलीत किती भरावे हेही बहुधा तो ठरवत नाही. फड कोरडा असताना तोड यावी की ओला असताना, हे तर त्याला कोणी विचारतही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्लेट जळाली की कोणी जाळली?

वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. म्हणून एका खेपेत जास्तीत जास्त टन ही मालकाची निकड असते. ही निकडही हवेतून आलेली नसते. ट्रॅक्टरचे हप्ते असतात. शिवाय वाहनमालक कारखान्याकडून उचल घेऊन ती तोडणीच्या मुकादमाला देतो, मुकादम ती टोळीला देतो आणि टोळी आली नाही तर बुडते ती बहुतेक वेळा मालकाचीच रक्कम. हंगाम चार-पाच महिन्यांचा. तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि साखरही घटते, म्हणून शेतकऱ्याला घाई, कारखान्याला घाई. ही सगळी घाई आणि हे सगळे ओझे एका ठिकाणी येऊन जमा होते. ते ठिकाण म्हणजे अकरा-बारा इंचांची एक चकती. आणि त्या चकतीवर ज्याचा पाय आहे तो या साखळीतला सर्वांत कमी पैसे मिळवणारा माणूस असतो.

'ह्याने प्लेट जाळली' हे वाक्य म्हणून व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आणि न्यायाच्या दृष्टीने अपुरे आहे. त्यात कर्ता आहे, पण तो शेवटचा कर्ता आहे. दामल्यांच्या भाषेत प्रयोजक क्रियापदाची आणखी एक पायरी असते : 'जाळायला लावणे'. मालक चालकाला जाळायला लावतो, दर मालकाला लावायला लावतात, हंगाम दरांना लावतो. मराठीत ही वाक्ये रचता येतात. अवघड नक्कीच आहेत, पण अशक्य नाहीत. आम्ही ती रचत नाही, कारण लांबलचक वाक्यापेक्षा एक बोट दाखवणे सोपे जाते.

कोणी म्हणेल की चालकाची चूक असतेच. असते, हे आम्हांला मान्य आहे. पेडलवर सतत पाय टेकवून चालवण्याची सवय वाईट आहे, त्याने स्प्रिंगचा दाब कमी होतो, प्लेट थोडी थोडी निसटत राहते आणि बेअरिंगही लवकर खराब होते. चढावर ब्रेक न दाबता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे हा प्लेट जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. मोठ्या गिअरमध्ये सुरुवात करणे, हा दुसरा. चांगला चालक आणि वाईट चालक यांच्या हातून प्लेटच्या आयुष्यात मोठा फरक पडतो, हे कोणताही मिस्त्री सांगेल. परंतु निर्मात्याने वर जी पाव-अर्धी पट राखून ठेवली होती ती याच चुकांसाठी होती. ती जागा ओझ्याने आधीच खाऊन टाकली असेल तर चालकाच्या वाट्याला चुकायची मुभाच उरत नाही. ज्या यंत्रात एकही चूक माफ होत नाही त्या यंत्रावर रात्री दोन वाजता, चौदा तास जागलेला माणूस बसवायचा आणि मग चूक त्याची म्हणायची, याला आम्ही न्याय म्हणणार नाही.

यावर बाजाराने शोधलेला उपाय म्हणजे 'भारी' प्लेट. धातू आणि सिरॅमिक यांच्या मिश्रणाची पाने असलेली प्लेट जास्त ताप सोसते. नव्या ट्रॅक्टरांतही अशी अस्तरे मिळतात आणि हौशी मोटारवालेही हाच मार्ग धरतात. सोबत कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट. यात गैर काही नाही, परंतु त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. पेडल जड होते आणि पायाला दिवसभर ते भारी वजन दाबावे लागते. ही प्लेट हळुवारपणे पकड घेत नाही, एकदम चावते. पूर्वी जो झटका निसटण्यात विरून जात असे तो आता थेट गिअरपेटीत आणि मागच्या आसात उतरतो. क्लच वाचतो आणि दुसरे काहीतरी तुटते. हौशी मोटारवाल्याला हे लवकर कळते, कारण प्लेटेपेक्षा गिअरपेटी कितीतरी महाग असते. सर्वांत कमकुवत कडी भक्कम केली की साखळी भक्कम होत नाही, कमकुवतपणा पुढच्या कडीवर सरकतो. क्लच हा मुळात हा झटका आपल्या अंगावर घेण्यासाठीच ठेवलेला आहे. स्वस्तात बदलता येणारा भाग आधी झिजावा यात निर्मात्याचे शहाणपण आहे. आपण त्या शहाणपणाला दुबळेपणा समजतो.

येथवरचा तोटा पैशांचा. खरा धोका रस्त्यावर आहे. प्लेट निसटू लागली की गाडी पुढे ओढली जात नाही एवढेच होत नाही, उतारावर इंजिनाने गाडीला धरून ठेवणेही थांबते. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक केवळ मागच्या चाकांना असतात आणि ट्रॉल्यांना बहुधा ब्रेकच नसतात. चढावर मध्येच क्लच सुटला तर वीस टन ओझे मागे सरकू लागते आणि मागे दुचाकीवरून घरी निघालेले कोणी असते. अंधारात, मागे दिवा वा परावर्तक नसलेल्या, रस्त्यातच बंद पडलेल्या ट्रॉलीवर आदळून माणसे दगावल्याच्या बातम्या आम्ही दर हंगामात वाचतो. त्या बातम्यांतले क्रियापदही पाहण्याजोगे असते. अपघात 'झाला' असतो. जादा भाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे, परंतु दंडाचा आकडा कितीही मोठा केला तरी जे ओझे वजनकाट्यावर रोज दिसते ते रस्त्यावर कोणालाच दिसत नसेल तर उपयोग नाही.

ढोकीपासून जवळच तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या गावाचा तगर म्हणून उल्लेख येतो आणि येथले कापड गाड्यांतून, वाट नसलेल्या मोठ्या मुलुखातून भडोचच्या बंदराकडे जात असे, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे हा मुलूख दोन हजार वर्षे ओझे वाहतो आहे. त्या गाड्यांना क्लच नव्हता, बैल होते. बैलाला न पेलणारे ओझे लादले तर तो बसतो. आपल्या भाषेत 'बैल बसला' हा वाक्प्रयोग आहे आणि मिस्त्रीही 'इंजिन बसलं', 'क्लच बसला' असे म्हणतो. क्रियापद तेच, पण फरक मोठा आहे. बैलाचे बसणे आधी येते, नुकसान होण्यापूर्वी, आणि गाडीवानाला ते ऐकावे लागते. क्लचचे बसणे नुकसान झाल्यावर कळते. त्यापूर्वी तोही बोलतो, वासाने, चढावर वाढणाऱ्या आवाजाने, पेडल वरच्या वर पकड घेऊ लागण्याने. हे बोलणे समजणारे कान चालकाला आणि मिस्त्रीला असतात, मालकाला आणि कारखान्याला नसतात.

तेर हे गोरोबाकाकांचेही गाव. संतमेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून मडके कच्चे की पक्के हे पाहिल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. क्लचचीही अशी एक परीक्षा आहे. गाडी सपाटीवर उभी करून हातब्रेक घट्ट ओढायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडले तर प्लेट पक्की. इंजिन चालूच राहिले तर कच्ची, म्हणजे निसटते आहे. जे थांबते ते निरोगी आणि जे कशाही ओझ्याखाली चालूच राहते ते आजारी, असा हा निकाल आहे. हंगामाच्या आधी प्रत्येक ट्रॅक्टरची ही परीक्षा कारखान्याच्या आवारात दहा मिनिटांत होऊ शकते. करार करताना कागदपत्रे तपासली जातात, मग हीही तपासावी.

आता आमच्या शाखेकडे वळतो. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) पासून यंत्र मराठी कवितेत आले, सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) मध्ये यंत्रावरचा कामगार बोलू लागला. ग्रामीण कथेत ट्रॅक्टर आला तो मात्र बहुधा सुबत्तेची खूण म्हणून किंवा बैल गेल्याच्या दुःखासाठी. त्याच्या पोटात काय आहे, ते कसे झिजते, झिजल्यावर कोणाच्या पगारातून भरले जाते, हा प्रश्न आमच्या समीक्षेला सहसा पडलेला नाही. यंत्राला प्रतीक म्हणून वापरण्याची आम्हांला इतकी सवय झाली आहे की यंत्राला यंत्र म्हणून वाचणे राहून गेले. वास्तववादाची चर्चा करणाऱ्या शाखेला हे शोभत नाही.

कोणी विचारील, मराठी विभागाने गॅरेजात काय करावे? आमचे उत्तर आहे, भाषा ऐकावी. पदव्युत्तर वर्गातील प्रकल्पांत प्रवासवर्णने आणि आत्मचरित्रे यांवर दरवर्षी ढीगभर काम होते. एका गटाने एका हंगामात चालक, मालक, मिस्त्री आणि मुकादम यांच्या तोंडची बिघाडाची वाक्ये टिपून ठेवली आणि प्रत्येक वाक्यात कर्ता कोण आहे एवढेच पाहिले, तर भाषाशास्त्राला नवी सामग्री मिळेल आणि आमच्या वर्गात बसलेल्या, हंगामात स्वतः ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलांना आपली भाषा अभ्यासाच्या योग्यतेची आहे हे कळेल. 'हाफ क्लच', 'पिकअप', 'गाडी ओढत नाही', 'प्लेट घासली' ही मराठीच आहे. तिला अशुद्ध म्हणण्यात आपण बरीच वर्षे घालवली.

आणि एक व्यावहारिक गोष्ट. क्लचप्लेट ही झिजण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे, टायरसारखी. टायर झिजले म्हणून कोणी चालकाचा पगार कापत नाही. प्लेट गेली म्हणूनही कापला जाऊ नये. मालक आणि चालक यांच्यात लेखी काही नसते, सारे तोंडी चालते, म्हणून तोंडी वाक्याला एवढे वजन येते. दोन ओळींचा कागद पुरे : प्लेट झिजली तर खर्च गाडीचा, ओझे ठरलेल्या मर्यादेवर गेले तर जोखीम भरणाऱ्याची. असा कागद लिहायला वकील लागत नाही. मराठी चांगले येणारा माणूस लागतो आणि तशी माणसे तयार करणे हे आमचे काम आहे.

'जळाली' म्हणणारा चालक स्वतःला वाचवतो आणि 'जाळली' म्हणणारा मालक पैसे वाचवतो. दोघेही आपापल्या क्रियापदामागे उभे आहेत. त्यांपैकी कोणाला निवडायचे हा प्रश्न नाही. 'कोणी, कोणाकडून, किती ओझ्याखाली' हे तीन शब्द त्या वाक्यात भरून ते पूर्ण करणे, हा आहे. व्याकरण शिकवणाऱ्यांना अपुरे वाक्य ओळखता यायला हवे, मग ते उत्तरपत्रिकेतले असो की गॅरेजातले.